चाचणी व प्रमाणन (आरोग्य माहिती विनिमय मानके)

रुग्णालय, विमा कंपनी, प्रयोगशाळा यांच्या संगणकांत देवाणघेवाण होणारा संदेश ठरलेल्या मानकाबरहुकूम आहे का, हे पाहणे म्हणजे चाचणी. चाचणीचे निष्कर्ष पडताळून त्रयस्थ संस्थेने लेखी ग्वाही देणे म्हणजे प्रमाणन. पुण्यात या विषयाच्या दोन धारा दिसतात : हिंजवडी, खराडी भागातील कंपन्यांत चालणारे अमेरिकी विमादाव्यांचे काम आणि सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेतील भारतीय मानकांचे काम.

अमेरिकेत हिपा हा आरोग्यविमा व आरोग्य माहितीविषयीचा कायदा १९९६ साली झाला आणि दाव्यांच्या संदेशांसाठी एक्स१२ मानके (व्यावसायिक संगणकीय संदेशांचे ठरलेले साचे) सक्तीची करणारा नियम २००० साली आला. मुदत १६ ऑक्टोबर २००२ होती. आराखडा सादर करणाऱ्यांना वर्षभर वाढवून मिळाली, मात्र १६ एप्रिल २००३ पर्यंत चाचणी सुरू करण्याची अट होती. प्रमाणपत्राची अट नव्हती. खाजगी प्रमाणनाची प्रथा साधारणपणे याच सुमारास रुजली असावी. विमा योजनांनी अनुपालन प्रमाणित करावे, अशी तरतूद २०१० च्या आरोग्यविमा सुधारणा कायद्यात आली. तिच्यासाठी २०१४ मध्ये मांडलेला नियमाचा मसुदा २०१७ मध्ये मागे घेण्यात आला.

आरोग्यक्षेत्रातील संगणकीय देवाणघेवाणीवर काम करणाऱ्या ‘वेडी’ या अमेरिकी संस्थेच्या स्निप गटाने चाचणीचे प्रकार सांगितले : रचना, मानकाच्या अटी, रकमांचा ताळमेळ, प्रसंगानुरूप अटी, संकेतावली (आजार, उपचार इत्यादींचे ठरलेले संकेतांक), सेवाप्रकार आणि विशिष्ट भागीदाराचे नियम. काही ठिकाणी सहाच मोजतात. त्यांना चढत्या पायऱ्या मानण्याचा प्रघात आहे. पण प्रत्येक प्रकार वेगळा दोष पकडतो, त्यामुळे त्यांना स्वतंत्र प्रकार मानणे अधिक सयुक्तिक वाटते. उदा., ८३५ या भरणा-तपशील संदेशात दावा १,००० डॉलर, वजावट २०० डॉलर आणि दिलेली रक्कम ८५० डॉलर असेल, तर पहिल्या दोन प्रकारांत तो बिनचूक ठरतो, तिसऱ्यात अडकतो. ८३७ या दावा-संदेशात वाहन अपघाताची खूण आहे, पण अपघाताची तारीख नाही, हा दोष चौथ्यातच सापडतो. सातवा प्रकार त्या त्या विमा कंपनीबरोबरच तपासावा लागतो. म्हणूनच प्रमाणपत्र हाती असले तरी नव्या भागीदाराबरोबरची चाचणी टाळू नये. प्रमाणपत्राची ग्वाही तपासलेल्या आवृत्तीपुरती आणि तपासलेल्या संदेशप्रकारांपुरतीच असते.

वैद्यकीय प्रतिमांच्या डायकॉम मानकात अधिकृत प्रमाणनच नाही. उत्पादक अनुरूपता निवेदन प्रसिद्ध करतो आणि दोन यंत्रे जुळतात की नाही, हे प्रत्यक्ष जोडूनच कळते. आरोग्य-संगणकप्रणाली एकमेकींशी जुळाव्यात यासाठी काम करणाऱ्या आयएचई या संस्थेच्या कनेक्टॅथॉन मेळाव्यांतही परस्परांशी चाचणी होते. तेथील यश हे उत्पादनाचे प्रमाणपत्र नव्हे.

भारतात ईएचआर (रुग्णांच्या संगणकीय आरोग्यनोंदींची) मानके २०१३ मध्ये आली, २०१६ मध्ये सुधारली गेली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्यांच्यासाठी स्थापलेले राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञावलीचे भारतातील वितरण आणि आयुष्मान भारत डिजिटल मिशन या सरकारी योजनेसाठी फायर या आरोग्य माहिती विनिमय मानकाची मार्गदर्शिका ही त्याची कामे. मिशनशी जोडू पाहणाऱ्या सॉफ्टवेअरला आधी सँडबॉक्समध्ये (चाचणीपुरत्या वेगळ्या संगणकीय व्यवस्थेत) टप्प्याटप्प्याने काम करून दाखवावे लागते : पहिल्या टप्प्यात आभा क्रमांक (व्यक्तीचा आरोग्य-ओळख क्रमांक), दुसऱ्यात नोंदी देणे, तिसऱ्यात संमतीने नोंदी मागवणे. त्यानंतर कार्यात्मक चाचणी आणि सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतील लेखापरीक्षकाकडून सुरक्षा तपासणी होते.