बोल्टच्या आधीचं जमैका: चॅम्प्स, हेलसिंकी आणि मर्लीन ओटी

१४ सप्टेंबर २०२५ ला रविवार होता आणि आपल्याकडे सगळं पब्लिक रात्री आठच्या भारत-पाकिस्तान मॅचच्या मूडमध्ये होतं, त्यामुळे तासभर आधी टोकियोत काय होऊन गेलं ते बऱ्याच जणांना दुसऱ्या दिवशी कळलं, काहींना तर अजून कळलेलं नाही. वर्ल्ड चॅम्पियनशिप, पुरुषांची १०० मीटर फायनल: ऑब्लिक सेविल ९.७७, किशेन थॉम्पसन ९.८२. पहिला जमैकाचा, दुसरा पण जमैकाचा, आणि स्टँडमध्ये उसेन बोल्ट नाचतोय. २०१५ नंतर पहिल्यांदा हे टायटल घरी आलं. मग लगेच 'नवीन बोल्ट सापडला' सुरू झालं आणि जुन्या फॅन लोकांचं डोकं फिरलं, कारण जणू २००८ च्या आधी त्या बेटावर कोणी पळतच नव्हतं.

जेमतेम २८ लाख वस्तीचा देश आहे, पुणे शहरात याच्यापेक्षा जास्त माणसं राहतात. एवढे फास्ट कसे काय म्हणून जीन्स, ट्रेलॉनीचे याम कंद (बोल्टच्या वडिलांनी स्वतः क्रेडिट याम कंदाला दिलं होतं), मातीतलं बॉक्साइट, काय काय थिअऱ्या आहेत. मला त्यात फार रस नाही. फास्ट पोरं तिथं शंभर वर्षं निघतायत, खरी भानगड ती पोरं कुठल्या देशाची जर्सी घालून पळली याची आहे, आणि ती नीट बघितली की सगळा इतिहास आपोआप उलगडतो.

सुरुवात १९१० पासून करावी लागते. त्या वर्षी किंग्स्टनमध्ये सहा मुलांच्या शाळांनी मिळून ॲथलेटिक्सची स्पर्धा घेतली, ग्राउंड कुठलं, तर सबिना पार्क. हो तेच, जिथं १९७१ ला आपल्या दिलीप सरदेसाईंनी २१२ ठोकले. या स्पर्धेला सगळे नुसतं 'चॅम्प्स' म्हणतात. मुलींची वेगळी स्पर्धा १९५७ ला सुरू झाली, १९९९ पासून दोन्ही कायमच्या एकत्र. आता ती नॅशनल स्टेडियममध्ये होते, मार्चमध्ये, पाच दिवस, आणि शेवटच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. काॅलबार शाळेची पोरं हिरव्यात, किंग्स्टन कॉलेजची जांभळ्यात, शाळा सोडून चाळीस वर्षं झालेली माणसं ड्रम घेऊन येतात आणि पॉइंटटेबलवरून एकमेकांना सुनावतात. आपल्याकडे मुंबईत शाळांच्या क्रिकेटमधल्या हॅरिस शील्डला एकेकाळी जे वजन होतं ते घ्या, आणि ते शहरापुरतं न ठेवता अख्ख्या देशभर पसरवा. आपल्याकडे बाप पोराला 'रन किती काढले' विचारतो, तिकडे बाप 'हीटमध्ये कितवा आलास' विचारतो. पुढे जमैकाचे मोठे नेते झालेले नॉर्मन मॅनली शाळेत असताना १९११ ला १०० यार्ड १० सेकंदात पळाले होते आणि तो चॅम्प्स रेकॉर्ड १९५२ पर्यंत कोणाला मोडता आला नाही.

मजा बघा, १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकला जी. सी. फॉस्टर नावाचा स्प्रिंटर केळ्यांच्या बोटीतून स्वतःहून लंडनला पोचला, आणि तिथं गेल्यावर सांगितलं गेलं की जमैका ऑलिम्पिकशी संलग्न नाही, तुला पळता येणार नाही. पुढे त्याच्याच नावाने क्युबाच्या मदतीने स्पोर्ट्स कॉलेज उभं राहिलं, १९८० मध्ये, आणि आज शाळाशाळांमध्ये जे कोच दिसतात त्यातले बरेच तिथूनच शिकून आलेत. गल्लीबोळात ट्रेनिंग घेतलेला कोच असणं ही गोष्ट यामपेक्षा किती तरी मोठी आहे असं माझं मत.

जमैकाचं स्वतःचं पहिलं ऑलिम्पिक १९४८, परत लंडनच. देश अजून ब्रिटिश वसाहत. ४०० मीटरला हर्ब मॅकेन्ली फेवरिट, वर्ल्ड रेकॉर्ड त्याच्या नावावर, सुरुवातीलाच सुसाट सुटला आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात त्याचाच देशवासी आर्थर विंटने लांब लांब ढांगा टाकत त्याला गाठलं. विंट ४६.२, मॅकेन्ली ४६.४. हा विंट दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात पायलट होता, ऑलिम्पिकच्या वेळी लंडनमध्ये डॉक्टरकी शिकत होता, आणि पुढे जमैकाचा ब्रिटनमधला हायकमिशनर झाला. एका माणसाने किती करावं! पण ४x४०० रिलेच्या फायनलमध्ये तिसऱ्या लेगला त्याचाच पाय आखडला, तो ट्रॅकवर कोसळला आणि रिले गेली. हातातोंडाशी आलेला घास.

चार वर्षांनी हेलसिंकी. मॅकेन्ली १०० मीटरला फोटो फिनिशमध्ये सिल्व्हर, ४०० ला परत सिल्व्हर, विनरला दिलेला टाइम ४५.९ आणि यालाही ४५.९, गोल्ड टीममेट जॉर्ज रोडनला. विंट ८०० ला १९४८ सारखंच परत सिल्व्हर. आणि मग रिले. विंट, लेस लेंग, मॅकेन्ली, रोडन हा क्रम. तिसऱ्या लेगला मॅकेन्लीच्या हातात बॅटन आली तेव्हा अमेरिकेचा चार्ली मूर बरेच मीटर पुढे, मूर म्हणजे त्याच ऑलिम्पिकमधला ४०० हर्डल्सचा चॅम्पियन, आणि बघणाऱ्यांनी सिल्व्हर धरूनच टाकलं असणार. मॅकेन्ली हळूहळू अंतर खात गेला, शेवटच्या वळणानंतर मूरच्या खांद्याला लागला आणि रोडनला बॅटन दिली तेव्हा जमैका किंचित पुढे. लेगचा टाइम ४४.६. तेव्हा ४०० चा वर्ल्ड रेकॉर्ड ४५.८ होता, रिलेत पळतपळत बॅटन घेण्याचा (फ्लाइंग स्टार्टचा) फायदा धरला तरी हा आकडा खुळ्यासारखाच आहे. रोडनने ती इवलीशी लीड अमेरिकेच्या माल व्हिटफील्डच्या तोंडासमोर शेवटपर्यंत सांभाळली. ३:०३.९ विरुद्ध अमेरिकेचे ३:०४.०, जुना वर्ल्ड रेकॉर्ड चार सेकंदांहून जास्तने मोडला. मॅकेन्लीचं आयुष्यातलं एकमेव ऑलिम्पिक गोल्ड ते हेच. नंतर तो काॅलबारला कोच झाला, म्हणजे चॅम्प्समधून निघालेला माणूस परत चॅम्प्समध्येच जाऊन पोरं घडवायला लागला, ही साखळी लक्षात ठेवा.

स्वातंत्र्य ६ ऑगस्ट १९६२. किंग्स्टनचं नॅशनल स्टेडियम त्याच निमित्ताने बांधलेलं. पुढची वीस-पंचवीस वर्षं मेडल्स येत राहिली, लेनॉक्स मिलरचं १९६८ चं सिल्व्हर, डॉन क्वारीचं १९७६ ला मॉन्ट्रियलमध्ये २०० चं गोल्ड, पण दर वेळी एक-दोन नावं. कारण सिस्टिमच अशी होती की चॅम्प्स गाजवलं की पोरगा अमेरिकन कॉलेजच्या स्कॉलरशिपवर जाणार, तिथं कोचला दर वीकेंडला पॉइंट पाहिजेत म्हणून त्याला चार-चार रेस पळवणार, आणि बरीच पोरं बावीसाव्या वर्षीच दमून जाणार. ज्यांचे आईबाप आधीच परदेशी गेले होते ती दुसऱ्याच झेंड्याखाली पळाली. बेन जॉन्सन ट्रेलॉनीचा, पळाला कॅनडासाठी (आणि १९८८ ला डोपिंगमध्ये सापडून ऑलिम्पिक गोल्ड कसं गेलं ते सगळ्यांना माहीत आहे). १९९२ चा ऑलिम्पिक चॅम्पियन लिनफर्ड क्रिस्टी जन्माने जमैकन, जर्सी ब्रिटनची. १९९६ ला ९.८४ चा वर्ल्ड रेकॉर्ड करून जिंकलेला डोनोवन बेली जन्माने जमैकन, जर्सी कॅनडाची. म्हणजे १०० मीटरचं गोल्ड जमैकात जन्मलेल्या माणसांनी जिंकलं आणि मेडल टेबलात जमैकाच्या रकान्यात शून्य. चिडचिड होते राव.

या सगळ्या काळात एकटी मर्लीन ओटी. हॅनोवर भागातल्या खेड्यातली मुलगी, मॉन्ट्रियलला क्वारी पळत होता ते रेडिओवर ऐकून तिने ठरवलं की आपणही पळायचं. १९८० ला मॉस्कोत २०० चं ब्राँझ, इंग्रजी बोलणाऱ्या कॅरिबियनमधल्या बाईने जिंकलेलं पहिलं ऑलिम्पिक मेडल. मग ब्राँझ, परत ब्राँझ, परत परत ब्राँझ, लोक 'ब्राँझ क्वीन' म्हणायला लागले आणि त्यात कौतुक किती नि टोमणा किती कोण जाणे. १९९३ ला स्टुटगार्टमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपची १०० ची फायनल: अमेरिकेची गेल डिव्हर्स १०.८२, ओटी १०.८२. फोटो फिनिश बघा कधी, दोघींचे खांदे एका रेषेत, माणसाच्या डोळ्याला फरक दिसत नाही, आणि गोल्ड डिव्हर्सला. तीन वर्षांनी अटलांटा ऑलिम्पिक, परत त्याच दोघी, १०.९४ आणि १०.९४, परत डिव्हर्स. एकाच बाईच्या नशिबात हे दोनदा यावं? स्टुटगार्टला २०० चं वर्ल्ड टायटल तिने जिंकलं एवढाच दिलासा. सिडनी २००० ला चाळिशीत १०० मध्ये चौथी आली, आणि ती रेस जिंकलेल्या मॅरियन जोन्सचे रिझल्ट डोपिंगमुळे रद्द झाल्यावर अनेक वर्षांनी ते ब्राँझ झालं. ऑलिम्पिकची नऊ मेडल्स, एकही गोल्ड नाही. पण त्याच सिडनीत तिला १०० च्या टीममध्ये घेतल्यावरून स्वतःच्याच टीममेट्सनी व्हिलेजमध्ये निदर्शनं केली होती, आणि नंतर ती स्लोव्हेनियाला गेली, २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकला त्यांच्याकडून पळाली. काही जण अजून तिला गद्दार म्हणतात, मला तसं वाटत नाही, वीस वर्षं एकटीने गाडा ओढलेल्या बाईला असं वागवल्यावर तिने दुसरं काय करायचं?

पहिलं बायकांचं ऑलिम्पिक गोल्ड आलं ते डीऑन हेमिंग्जला, अटलांटात ४०० हर्डल्समध्ये, आणि अथेन्समध्ये व्हेरोनिका कॅम्पबेलने २०० जिंकलं तेव्हा स्प्रिंटचा तो शापही संपला.

आता वळण. १९९९ ला स्टीफन फ्रान्सिस नावाच्या, एमबीए करून आलेल्या माणसाने चार जणांत मिळून एमव्हीपी ट्रॅक क्लब काढला. आयडिया साधी: पोरांना अमेरिकेत पाठवायचंच नाही, इथंच युनिव्हर्सिटीत शिकवायचं, इथंच पहाटे उठवून गवताच्या ट्रॅकवर पळवायचं. लोक हसले. त्यात याने घेतली कोण, तर बहुतेक अशी पोरं ज्यांच्याकडे कॉलेजवाले ढुंकून बघत नव्हते. त्यातलाच असाफा पॉवेल, चॅम्प्समध्ये ज्याचं काही नाव नव्हतं, २००५ ला अथेन्समध्ये ९.७७ पळून वर्ल्ड रेकॉर्डवाला झाला. मग हसणं बंद. दुसरीकडे ग्लेन मिल्सचा रेसर्स क्लब, आणि २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमधल्या अपयशानंतर त्याच्याकडे आलेला उंच, पाठ दुखणारा पोरगा, जो पंधराव्या वर्षी किंग्स्टनमध्ये वर्ल्ड ज्युनियर जिंकताना एवढा घाबरला होता की बूट उलट्या पायात घातले होते.

तो पोरगा म्हणजे बोल्ट. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमधल्या त्याच्या १०० बद्दल मी फार लिहीत नाही, आपल्याकडे शनिवारी रात्री आठला लाइव्ह होतं, सगळ्यांनी बघितलंय, ९.६९, लेस सुटलेली, छातीवर थाप. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशीची बायकांची रेस जास्त भारी होती. शेली-ॲन फ्रेझर, किंग्स्टनच्या वॉटरहाउस वस्तीतली, ट्रायल्समध्ये दुसरी आली होती तरी लोक म्हणत होते हिला काढा आणि चौथ्या आलेल्या कॅम्पबेलला घ्या. हिने १०.७८ मध्ये गोल्ड मारलं, मागे शेरोन सिम्पसन आणि केरन स्टुअर्ट दोघी १०.९८, दोघींना सिल्व्हर, ब्राँझ दिलंच नाही.

फॅन म्हणून दुसरी बाजू पण सांगायला पाहिजे. २०१३ ला पॉवेल, सिम्पसन वगैरे डोपिंग टेस्टमध्ये अडकले, आणि २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या आधीच्या महिन्यांत तिथल्या अँटीडोपिंग कमिशनने स्पर्धेबाहेरच्या टेस्ट जवळजवळ केल्याच नव्हत्या हे त्यांच्याच माजी प्रमुखांनी उघड केलं. त्याच वर्षी अडकलेली कॅम्पबेल-ब्राउन (म्हणजे वर आलेली व्हेरोनिका कॅम्पबेलच) अपिलात सुटली. रिले टीममधल्या नेस्टा कार्टरच्या जुन्या सॅम्पलमुळे २०१७ ला बीजिंगचं रिले गोल्ड गेलं, म्हणून बोल्टची ऑलिम्पिक गोल्ड नऊची आठ झाली. 'सगळे आमच्यावर जळतात' म्हणणारे फॅन मला पटत नाहीत, टेस्टिंग ढिलं होतं म्हणजे होतं.

बोल्ट २०१७ ला रिटायर झाला आणि पुरुषांच्या स्प्रिंटमध्ये दुष्काळ पडला, पण बायकांनी घर असं चालवलं की विचारू नका. टोकियो ऑलिम्पिकला १०० मध्ये तिन्ही मेडल्स, एलेन थॉम्पसन-हेराचे १०.६१, २०२२ ला युजीनमध्ये परत तिन्ही, त्यात शेली-ॲनचं (आता फ्रेझर-प्राइस) १०० चं पाचवं वर्ल्ड टायटल. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला किशेन थॉम्पसन अमेरिकेच्या नोआ लाइल्सकडून हजारांशाच्या पाच भागांनी हरला (ओटी आठवलीच) आणि देशाचं एकमेव गोल्ड आलं कुठून, तर थाळीफेकीतून! रोजे स्टोना, बरोबर ७० मीटर, ऑलिम्पिक रेकॉर्ड. स्प्रिंटवाल्या देशाला थाळीफेकीने वाचवलं.

आणि पुढच्याच वर्षी स्टोनासकट चार जण तुर्कस्तानकडून खेळायच्या तयारीत असल्याच्या बातम्या आल्या. लोक पेटले. पण थ्रोअर आणि जंपरला तिथं स्पॉन्सर कुठं आहे, सगळा पैसा नि सगळे कॅमेरे १०० मीटरवर. स्प्रिंटरला घरी ठेवायचं एमव्हीपी आणि रेसर्सने जमवलं, सेविल मिल्सचा आणि थॉम्पसन फ्रान्सिसचा, दोघं किंग्स्टनमध्येच तयार झालेले. थाळीवाल्यांसाठी असा क्लब कोणी काढलेला नाही.

नवीन पिढी बघायची असेल तर चॅम्प्सच बघा. २०२५ ला टोकियोत १०० चं सिल्व्हर घेतलेली टीना क्लेटन आणि २०० चं ब्राँझ घेतलेला ब्रायन लेव्हेल दोघंही एडविन ॲलन या एकाच शाळेचे. किंग्स्टन आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, त्यामुळे शनिवार संध्याकाळच्या फायनल्स आपल्याकडे रविवारी पहाटे लागतात. मी काॅलबारवाला आहे, जांभळ्यावाल्यांशी वाद घालायला केव्हाही तयार.