चुंबक लावा आणि हजारो प्रोटीन्समधून हवं तेच उचला

1978 मध्ये अमेरिकेत माणसाच्या इन्सुलिनचा लॅबमध्ये तयार केलेला जीन ई. कोलाय या बॅक्टेरियात घालून त्याच्याकडून इन्सुलिन बनवून घेतलं आणि 1982 मध्ये ते औषध म्हणून मंजूरही झालं. अशी दुसऱ्याच जिवाकडून बनवून घेतलेली प्रोटीन्स म्हणजे रिकॉम्बिनंट प्रोटीन्स. बनवून घेणं आता त्यामानाने सोपं झालंय, खरी मेहनत असते ती नंतर ते प्रोटीन वेगळं काढण्यात. कारण ई. कोलायचे स्वतःचेच 4,000 हून जास्त जीन्स असतात, त्यामुळे पेशी फोडल्या की आपल्या प्रोटीनसोबत त्याची स्वतःची प्रोटीन्स, डीएनए, पेशीच्या आवरणाचे तुकडे असा सगळा गढूळ, चिकट काला हातात येतो आणि त्यातून आपल्याला फक्त एकच गोष्ट हवी असते.

यावरची एक युक्ती मला फार आवडते. जीन बनवतानाच प्रोटीनच्या एका टोकाला हिस्टिडिन या अमिनो ॲसिडचे 6 मणी ओळीने जोडून द्यायचे, याला हिस-टॅग म्हणतात. हिस्टिडिनला निकेल धरून ठेवायची सवय आहे, मग निकेल लावलेल्या कणांवरून तो काला गेला की टॅगवालं प्रोटीन तिथेच चिकटतं आणि बाकीचं बरचसं निघून जातं. 1980 च्या दशकापासून हे असंच चालतं, फक्त ते कण एका नळीत ठासून भरलेले असतात, म्हणजे कॉलम. कॉलमचा त्रास असा की काला आधी सेंट्रिफ्यूज करून म्हणजे जोरात गरगर फिरवून, गाळून स्वच्छ करावा लागतो, नाहीतर तो चोक होतो, आणि वेळही जातो.

इथे चुंबकवाले कण कामाला येतात, आणि ते बनतात मॅग्नेटाइटचे. मॅग्नेटाइट म्हणजे लोखंडाचं काळं ऑक्साइड, लोखंडाचे दोन प्रकारचे क्षार ठरलेल्या प्रमाणात घेऊन त्यात अमोनिया टाकला की लगेच काळा साका बसतो, आणि काळजीपूर्वक केलं तर त्यातले कण साधारण 10 नॅनोमीटरचे निघतात. त्यावर सिलिका किंवा पॉलिमरचा थर द्यायचा आणि थरावर निकेल पकडून ठेवणारे रेणू बसवायचे. आता हे कण थेट त्या गढूळ काल्यात टाका, थोडा वेळ हलवत ठेवा आणि ट्यूब चुंबकाच्या रॅकमध्ये लावा, बघता बघता द्रव निवळतो आणि चुंबकाच्या बाजूला ट्यूबच्या भिंतीवर तपकिरी डाग जमतो. वरचं पाणी पिपेटने ओढून टाकायचं, एक-दोनदा धुवायचं, शेवटी इमिडाझोल घालायचं. इमिडाझोल हिस्टिडिनसारखंच निकेलला चिकटतं, त्यामुळे भरपूर घातलं की प्रोटीनची जागा तेच घेतं आणि प्रोटीन सुटं होतं. जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रोटीन घेऊन केलं तर हे डोळ्यांनी दिसतं, काल्यातला हिरवा रंग कमी होतो आणि इमिडाझोलनंतर पुन्हा द्रवात उतरतो.

पण चुंबक काढल्यावर हे कण एकमेकांना चिकटून गोळा का होत नाहीत? लोखंडाच्या किसाला एकदा चुंबक लावला की त्याच्यात थोडं चुंबकत्व उरतंच. मॅग्नेटाइटचा कण मात्र इतका बारीक झाला की खोलीच्या तापमानाची उष्णताच त्याची चुंबकीय दिशा सारखी उलटसुलट करत राहते, म्हणून बाहेरचा चुंबक असेल तोवर तो खेचला जातो आणि चुंबक गेला की चुंबकत्वही जातं. याला सुपरपॅरामॅग्नेटिझम म्हणतात आणि सगळी पद्धत यावरच उभी आहे.

आकार लहान असण्याचा फायदा म्हणजे पृष्ठभाग. 10 नॅनोमीटरच्या एक ग्रॅम कणांचा पृष्ठभाग हिशोबाने साधारण 115 चौरस मीटर येतो, म्हणजे 1,200 स्क्वेअर फुटांचा आख्खा फ्लॅट एका ग्रॅममध्ये, एवढी जागा प्रोटीन चिकटायला मिळते. पण गंमत अशी की चुंबकाची ओढ कणाच्या घनफळावर अवलंबून असते. व्यास 100 पट कमी केला तर घनफळ 10 लाख पट कमी होतं, मग एकटा 10 नॅनोमीटरचा कण साध्या चुंबकाला दादच देत नाही, पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी इकडेतिकडे भरकटत राहतो. म्हणून बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच बीड्समध्ये असे असंख्य कण एकाच मोठ्या मण्यात कोंबलेले असतात. नॉर्वेच्या जॉन उगेलस्टाड यांनी 1970 च्या दशकात एकसारख्या आकाराचे प्लास्टिकचे मणी बनवायची पद्धत काढली आणि पुढे त्यातच आयर्न ऑक्साइड भरून डायनाबीड्स नावाचे चुंबकी मणी झाले. तसा मणी पटकन खेचला जातो, पण पृष्ठभाग मात्र बराच गमवावा लागतो.

अडचणी आहेतच. ई. कोलायचं स्लायडी नावाचं हिस्टिडिनने भरलेलं स्वतःचं प्रोटीन आपल्या प्रोटीनसोबत बरेचदा येतं. बफरमध्ये, म्हणजे ज्या द्रावणात हे सगळं चालतं त्यात, ईडीटीए हे धातू पकडणारं रसायन असेल तर ते निकेलच ओढून नेतं. थोडं निकेल सुटून प्रोटीनमध्येही येतं, आणि औषधाच्या बाबतीत त्यावर कडक मर्यादा असते. म्हणूनच काही संशोधक निकेल वगळून, नुसत्या आयर्न ऑक्साइडलाच चिकटतील असे टॅग शोधतायत, त्यात कणही स्वस्त पडतात. मला हीच दिशा जास्त आशेची वाटते, कारण एका वेळी अनेक नमुने तपासायला रोबोटवर चुंबकी बीड्स आत्ताही मस्त चालतात, पण हजारो लिटरच्या टाकीतून इन्सुलिन काढायचं तर कारखाने अजून कॉलमच वापरतात, आणि कणांची किंमत उतरल्याशिवाय तिथे चुंबकाचा नंबर लागणं कठीण आहे.