रिचार्जेबल बॅटरीचे आयुर्मान

रिचार्जेबल बॅटरीचे आयुर्मान : पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी बॅटरी किती वर्षे, किंवा किती वेळा भरून-उतरून, कामाची राहते याचे माप. ‘बॅटरी टिकत नाही’ या एकाच तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एकदा चार्ज केलेला फोन किती तास चालतो ही एक, आणि त्यांपैकी किती तास दोन वर्षांनी उरतात ही दुसरी. प्रस्तुत नोंद दुसऱ्या गोष्टीविषयी आहे. क्षमता मूळच्या सुमारे ८० टक्क्यांवर आली की बॅटरीचे उपयुक्त आयुष्य संपले, असे उत्पादक सर्वसाधारणपणे धरतात. हा नुसता ठरवून घेतलेला संकेत आहे. त्या दिवशी बॅटरी बंद पडत नाही.

फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ मध्ये शिसे-आम्ल बॅटरी तयार केली आणि १८९९ मध्ये स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी निकेल-कॅडमियम बॅटरी. आजच्या फोन, लॅपटॉप, घड्याळ, इअरफोन यांत बहुतेक ठिकाणी लिथियम-आयन बॅटरी असते. ती सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणली. तिच्या विकासासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बॅटरी बदलली तरी तिच्याविषयीचे सल्ले मात्र निकेल-कॅडमियमच्या काळातलेच राहिले, आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

चार्जिंग करताना लिथियमचे आयन (विद्युतभारित कण) धनाग्रातून, म्हणजे बॅटरीच्या धन टोकातून, निघून ऋण टोकाच्या ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. उपकरण वापरताना ते परततात. ही ये-जा निर्दोष असती तर बॅटरी कधी म्हातारी झाली नसती. पण पहिल्याच चार्जिंगमध्ये आतल्या द्रवाचा थोडा भाग विघटित होऊन ग्रॅफाइटवर पातळ पापुद्रा धरतो. जखमेवरच्या खपलीसारखा तो खालच्या पृष्ठभागाचे रक्षण करतो. तो नसेल तर द्रवाचे विघटन थांबणारच नाही. अडचण अशी की ही खपली हळूहळू जाड होत राहते आणि दर वेळी थोडे लिथियम स्वतःत अडकवून घेते. अडकलेले लिथियम ये-जा करत नाही, तेवढी क्षमता कायमची जाते. भरताना-उतरताना ग्रॅफाइट किंचित फुगते व आकसते, त्याने खपलीला तडे जातात आणि त्या तड्यांत नवी खपली धरते.

म्हणून बॅटरी दोन प्रकारांनी झिजते : वापराने आणि नुसत्या काळाने. खोक्यातून कधीच बाहेर न काढलेल्या फोनची बॅटरीही म्हातारी होत असते. वापराची झीज ‘चक्रां’त मोजतात. एक चक्र म्हणजे एकदा प्लग लावणे नव्हे. आज ५०% आणि उद्या ५०% खर्च झाले की दोन्ही मिळून एक चक्र होते. त्यामुळे दिवसातून चारदा थोडे थोडे चार्ज केल्याने चक्रे वाढत नाहीत. उलट शंभरापासून शून्यापर्यंत उतरवण्यापेक्षा असे छोटे हेलकावे बॅटरीला सोसतात. फोनच्या बॅटऱ्यांसाठी बरीच वर्षे ३०० ते ५०० चक्रे हा सर्वसाधारण आकडा होता. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमानुसार तिथे विकल्या जाणाऱ्या फोन व टॅबलेटच्या बॅटरीत ८०० चक्रांनंतर किमान ८०% क्षमता उरली पाहिजे.

काळाची झीज किती वेगाने होते हे मुख्यतः उष्णता आणि विद्युतदाब ठरवतात. प्रचलित लिथियम-आयन घटाचा (बॅटरीच्या एका एककाचा) सरासरी दाब ३.६ ते ३.७ व्होल्ट असतो, तर पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्ट किंवा त्याहून थोडा वर जातो. या वरच्या टोकाला द्रव व धनाग्र दोन्ही अस्थिर असतात आणि नको असलेल्या अभिक्रिया जोर धरतात. भरलेली बॅटरी उन्हात ठेवलेल्या गाडीत सोडणे हे तिच्यावर करता येण्याजोग्या वाईटातले वाईट. रात्रभर चार्जिंगला लावलेला फोन ‘जास्त चार्ज’ होत नाही, कारण आतील सर्किट प्रवाह तोडते. तो फक्त तासन्‌तास १०० टक्क्यांवर बसून राहतो. ८० टक्क्यांवर थांबून आपण सकाळी उठण्याच्या सुमारास उरलेले भरणारी फोनमधली सोय याचसाठी असते. कायम प्लगला जोडलेल्या लॅपटॉपची चक्रे जेमतेम मोजण्याइतकी असूनही त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत ढासळू शकते, त्याचेही कारण हेच.

थंडीत वापरताना क्षमता कमी दिसते, पण ऊब मिळाल्यावर ती परत येते. शून्य अंश सेल्सिअसखाली चार्जिंग मात्र घातक : आयन ग्रॅफाइटमध्ये शिरण्याऐवजी पृष्ठभागावर धातुरूपात साचतात.

नवा फोन आधी आठ तास चार्ज करावा किंवा बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय प्लग लावू नये, हे समज निकेल-कॅडमियमच्या ‘स्मृती परिणामा’चे (अर्धवट उतरवून पुन्हा पुन्हा चार्ज केल्यास तेवढीच क्षमता जणू लक्षात ठेवण्याचे) वारसदार आहेत. लिथियम-आयनला तसे काही शिकवावे लागत नाही. कधीतरी पूर्ण उतरवून पूर्ण भरण्याने पडद्यावरची टक्केवारी सुधारते खरी. तो आकडा मुळात एक अंदाज असतो आणि दुरुस्त होतो तो अंदाज, बॅटरी नाही.

वयाबरोबर अंतर्गत रोध, म्हणजे बॅटरीच्या आत प्रवाहाला होणारा अडथळा, हाही वाढतो. मग कॅमेरा उघडताच दाब एकदम कोसळतो आणि ३०% दाखवणारा फोन बंद पडतो. असे बंद पडणे टाळण्यासाठी जुन्या आयफोनचा वेग कमी केल्याचे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले आणि पुढच्या वर्षी बॅटरी सवलतीत बदलून दिली.

वायरलेस इअरफोनची गोष्ट सर्वांत बिकट. घट इवलासा, म्हणून चक्रे भराभर होतात. डबीत ठेवले की ते पुन्हा १०० टक्क्यांवर जातात. आणि बहुतेकदा सगळे डिंकाने चिकटवलेले असल्याने बॅटरी बदलण्याची सोय नसते. दीर्घकाळ न वापरायचे उपकरण निम्मे भरून थंड जागी ठेवतात. शून्य टक्क्यांवर ठेवले तर स्वतःहून होणाऱ्या गळतीने दाब धोक्याच्या पातळीखाली जातो.

द्रवाच्या विघटनातून वायू जमला की पाकीटबंद (मऊ वेष्टनातला) घट फुगतो. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये, दाबू किंवा टोचू नये, घरच्या कचऱ्यातही टाकू नये; ई-कचरा संकलनात द्यावी. युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद वगळता, उपकरणातील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढून बदलता आली पाहिजे असा नियम आहे.