व्हिशीची शाही शाले

मध्य फ्रान्समधील व्हिशी या उष्ण झऱ्यांच्या गावी सम्राट तिसरा नेपोलियन आणि त्याच्या लव्याजम्यासाठी १८६३–६४ मध्ये बांधलेली घरे. शाले म्हणजे उतरत्या छपराचे, नक्षीदार लाकडी सज्ज्यांचे स्विस धाटणीचे घर. आल्ये नदीकाठच्या उद्यानासमोर ती ओळीने उभी आहेत. व्हिशी म्हटले की आपल्याकडे १९४०–४४ मधील, जर्मनीपुढे शरण गेलेल्या फ्रान्सचे मार्शल पेतँ यांचे सरकार आठवते. पण गावाला आजचा चेहरामोहरा मिळाला तो त्याच्या सुमारे ऐंशी वर्षे आधी.

संधिवात, पोटाचे विकार आणि मूतखडा यांवर इथले सोडा बायकार्बोनेटयुक्त पाणी पिण्याचा प्रघात जुना होता. सम्राटालाही मूत्राशयातील खड्यांचा त्रास होता. १८६१ ते १८६४ दर उन्हाळ्यात आणि पुन्हा १८६६ मध्ये तो उपचारासाठी आला. पहिल्या दोन मुक्कामांत तो वादक-संगीतकार इसाक स्ट्राउस याच्या बंगल्यात उतरला. (हा स्ट्राउस मानवशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्त्रोस यांचा पणजोबा.) पाहुणा म्हणून राहण्यापेक्षा स्वतःची घरे हवीत, असे मग ठरले.

मारी-लुईझ, यूजेनी आणि क्लेर्माँ-तोनेर ही १८६३ ची तीन शाले वास्तुविशारद ह्यूग बातिया याची. सम्राटाचे शाले आणि शाले दे रोझ ही पुढच्या वर्षीची दोन ज्याँ लफोरची. राजवाड्याच्या मानाने ही घरे लहान आहेत. ती खासगी, जवळजवळ मध्यमवर्गीय दिसावीत अशीच योजना होती. हा साधेपणा अर्थात दिखाऊच म्हणायचा, कारण राज्यकारभार सम्राटाच्या पाठोपाठ व्हिशीलाही येई.

सम्राज्ञी यूजेनी इथे एकदाच, १८६३ मध्ये आली. फिरायला गेली असताना सम्राटाचा कुत्रा एका अनोळखी बाईकडे ओळखीने धावला. ती सम्राटाची प्रेयसी मार्गरीत बेलांजे होती, आणि सम्राज्ञी रागावून गाव सोडून गेली, अशी कथा सांगतात. या कथेला पुरावा किती हा प्रश्नच आहे, पण ती प्रेयसीच्या नावासकट टिकली आहे.

घरांपेक्षाही मोठा बदल त्यांच्याभोवती झाला. जुलै १८६१ च्या फर्मानाने नवे रस्ते, नदीला बांध आणि बांधामागच्या जमिनीवर इंग्रजी पद्धतीची बाग असा आराखडा मंजूर झाला. १८६२ मध्ये रेल्वे आली. १८६५ मध्ये नवे कॅसिनो उभे राहिले, सेंट लुई चर्चही पूर्ण झाले. चर्चच्या रंगीत काचांवर राजघराण्यातील व्यक्तींच्या नावांचे संत आहेत. सम्राटाच्या पाठोपाठ श्रीमंत मंडळी आली आणि आजूबाजूला नाना शैलींचे बंगले उठले.

१८७० मध्ये प्रशियाविरुद्धच्या युद्धात सेदाँ येथे झालेल्या पराभवाने साम्राज्य संपले. निर्वासित सम्राट मूत्राशयातील खड्यांवरच्या शस्त्रक्रियांनंतर १८७३ मध्ये इंग्लंडमध्ये वारला. युनेस्कोने २०२१ मध्ये युरोपातील अकरा ‘थोर स्नाननगरां’ना जागतिक वारसा जाहीर केले, फ्रान्समधून त्यांत एकट्या व्हिशीचा समावेश आहे.