ठिणगी कोणाची? चकमकीची पार्श्वभूमी

निफाडचा पारा पाचाच्या खाली गेल्याची बातमी आली की गंगापूर धरणाच्या आणि वैतरणेच्या बाजूला तंबू लागायला सुरुवात होते. हल्ली त्यातल्या बऱ्याच सॅकना बोटभर लांबीची एक काळपट कांडी दोरीने बांधलेली दिसते. सोबत लोखंडी पट्टी. पट्टी कांडीवर जोर लावून खरवडली की पांढऱ्या ठिणग्यांचा सडा पडतो. दुकानदार तिला फायर स्टार्टर म्हणतात, डोंगर भटकणारे फेरो रॉड म्हणतात आणि घरातले जुने लोक बघताक्षणी म्हणतात, "अरे, ही तर चकमक!" काम तेच आहे, म्हणून नाव चुकलेलं नाही. पण आत जे घडतं ते मात्र नेमकं उलटं आहे.

जुनी चकमक मी लहानपणी हातात धरली आहे. आमच्या आजोबांच्या चंचीत सुपारी-तंबाखूसोबत ती असायची. लोखंडाचा तुकडा म्हणजे लोहाराने जुन्या कानशीपासून वळवून दिलेली पट्टी. एका बाजूला कानशीचे दाते अजून बोटाला लागायचे. एक पांढुरकी, धारदार कडेची गारगोटी. आणि बांबूच्या नळीत काटेसावरीचा कापूस, आधी जाळून काळा केलेला. गारगोटीच्या कडेला कापसाची चिमूट अंगठ्याने दाबून धरायची आणि पट्टी वरून खाली सपकन ओढायची. चारदोन ठिणग्या निघायच्या, तांबूस, मंद. त्यातली एखादी कापसावर पडली की तिथे मोहरीएवढा लाल ठिपका दिसायचा आणि हळूहळू पसरायचा. ज्वाळा नाहीच. आजोबा बिडी त्या ठिपक्याला टेकवायचे आणि ओढायचे. शेकोटी करायची असेल तर तोच ठिपका वाळल्या गवताच्या घरट्यात ठेवून फुंकर घालावी लागायची, आणि ती फुंकर घालणं हेच खरं कसब.

ठिणगी दगडातून निघते असं मला तेव्हा वाटायचं. बहुतेकांना तसंच वाटतं. प्रत्यक्षात जळतं ते लोखंड. गारगोटी पोलादापेक्षा कठीण असते. तिच्या धारेने पोलादाचे अतिशय बारीक कीस निघतात, घर्षणाने तापतात आणि हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून पेटतात. दगड फक्त तासण्याचं काम करतो. साधं मऊ लोखंड चालत नाही, कार्बन जास्त असलेलं कडक पोलाद लागतं. लोहार कानसच का घ्यायचा, याचं उत्तर यात आहे.

पोलाद यायच्या आधी लोखंड आणि गंधकाचा खनिज दगड, म्हणजे पायराइट, हे काम करत असे. आल्प्समध्ये १९९१ साली सापडलेल्या, पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या हिममानवाजवळ ठिणगी धरणारी वाळकी अळंबी होती आणि तिच्यावर पायराइटचे कण होते. म्हणजे ठिणगी पाडायचं आणि ती झेलायचं असं दोन्ही सामान माणूस तेव्हाही सोबत बाळगत होता.

दगडाच्या बाबतीत नाशिककर नशीबवान. आपला सगळा मुलूख काळ्या बसाल्टचा. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांमध्ये गार, अकीक, कॅल्सेडनी आणि झिओलाइट ही खनिजं वाढली. सिन्नरच्या खनिज संग्रहालयाचं नावच 'गारगोटी' आहे. गोदावरीच्या पात्रात हे खडे वाहून येतात. गंगापूरजवळच्या नदीच्या थरांमध्ये पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकलिया यांना अश्मयुगातली हत्यारं मिळाली. तो अभ्यास १९५२ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि शां. भा. देव यांनी खुद्द नाशकात, जुन्या मातीच्या गढीवर उत्खनन केलं होतं, आणि तिथल्या खालच्या थरांत कॅल्सेडनीसारख्या दगडाची पाती निघाली. ती पाती कापण्या-तासण्यासाठी होती, आग पाडण्यासाठी नव्हे. पण कोणता दगड फोडला की धार येते, हे ज्ञान या नदीकाठी किती जुनं आहे ते त्यातून कळतं.

'चकमक' हा शब्द मात्र बाहेरून आला. तुर्कीत 'चाकमाक' म्हणजे ठिणगी पाडणं, आणि तिथे आजही लायटरला हेच नाव आहे. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला, आणि इतका रुजला की सीमेवर दोन सैन्यं भिडली तरी आपण 'चकमक उडाली' म्हणतो. लढाईशी त्याचं नातं नुसतं अलंकारिकही नाही. १८१८ च्या एप्रिल ते जून या काळात इंग्रजांनी त्र्यंबक, मालेगाव आणि आसपासचे किल्ले घेतले तेव्हा त्यांच्या शिपायांच्या बंदुकांना चापात गार बसवलेली असे. चाप ओढला की गार पोलादी पट्टीवर आपटायची आणि ठिणगी रंजकात, म्हणजे बार पेटवणाऱ्या दारूत, पडायची. आजोबांच्या चंचीतलंच यंत्र, फक्त जिवावर उठलेलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. घरोघरी रोज चकमक झाडली जात होती असं नाही. घरातली आग पाडण्यापेक्षा राखली जायची. रात्री निखारा राखेखाली पुरायचा, पहाटे उकरायचा आणि विझलाच तर शेजारी गोवरी घेऊन विस्तव मागायला जायचं. यज्ञासाठी तर ठिणगी पाडतच नसत; अश्वत्थाच्या लाकडाच्या अरणी घुसळून अग्निमंथन होई. चकमक ही वाटेवरच्या माणसाची वस्तू होती. गुराखी, धनगर, गाडीवान, रानात राहणारे यांची.

काडेपेटीने तिचा निकाल लावला. इंग्लंडमध्ये जॉन वॉकरने १८२७ मध्ये घासून पेटणाऱ्या काड्या विकायला सुरुवात केली, आणि आपल्याकडे १९२३ साली स्वीडिश भांडवलावर विमको कंपनी आली, तिचा कारखाना अंबरनाथला. त्यानंतर चकमक चंचीतून निघाली ती निघालीच.

ती परत आली ऑस्ट्रियाच्या वाटेने, आणि ही हकिगत मला फार आवडते. कार्ल आऊअर फॉन वेल्सबाख या रसायनशास्त्रज्ञाने गॅसबत्तीचं मँटल, म्हणजे ज्योतीवर बसवायची जाळी, शोधलं. लग्नाच्या वरातीत आणि जत्रेत डोक्यावर धरलेल्या बत्त्यांमध्ये लखलखायचं तेच. मँटलसाठी थोरियम हवं, ते मोनाझाइट नावाच्या वाळूतून काढायचं, आणि ते काढलं की सिरियम वगैरे धातूंचा ढीग शिल्लक राहायचा. त्या ढिगाचं काय करायचं, या प्रश्नातून १९०३ साली त्याने फेरोसिरियमचं पेटंट घेतलं: साधारण सत्तर टक्के सिरियमच्या कुळातले धातू आणि तीस टक्के लोखंड. लायटरचा खडा तो हाच, आणि फेरो रॉडची कांडीही याचीच. १९०९ मध्ये त्रावणकोरहून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत शोम्बर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाला मोनाझाइट सापडलं आणि मँटलच्या धंद्याची नजर आपल्या किनाऱ्याकडे वळली.

आता उलटापालट बघा. फेरो रॉडमध्ये पट्टी तासते आणि कांडी जळते. सिरियमचा कीस दीडशे ते पावणेदोनशे अंशांच्या आसपासच पेट घेतो आणि ठिणगी तीन हजार अंशांपर्यंत तापते. जुन्या चकमकीची ठिणगी त्यापुढे कोमट म्हणावी अशी. कांडी पाण्यात बुडाली तरी पुसून वापरता येते. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या इगतपुरीच्या घाटात काडेपेटीचा लगदा होतो, तिथे हे मोलाचं. नव्या कांडीवर काळा लेप असतो, तो आधी खरवडून काढावा लागतो. नाहीतर "खराब निघाली" म्हणून लोक टाकून देतात. आणि पट्टी पुढे ढकलण्यापेक्षा पट्टी स्थिर धरून कांडी मागे ओढावी, म्हणजे रचलेलं सरपण विस्कटत नाही.

एवढी तापट ठिणगी असूनही शेकोटी पेटत नाही, हे मी अनेकदा पाहिलं आहे. पोरं पंधरा मिनिटं ठिणग्या पाडतात, खाली मनगटाएवढी ओली लाकडं. ठिणगी क्षणभर टिकते. तिला झेलणारं काहीतरी पिंजलेलं, कोरडं, केसासारखं लागतं. नंतर काडी, मग काटकी, मग लाकूड. आजोबांच्या सामानात निम्मी किंमत कापसाच्या नळीची होती. दुकानातल्या पाकिटात कांडी मिळते, नळी मिळत नाही.

कुठे पेटवायची हाही त्याच इतिहासाचा भाग. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचं २६ वं कलम राखीव जंगलात आग पेटवण्याला गुन्हा ठरवतं. अंजनेरीचा डोंगर २०१७ पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे. जगात मोजक्याच जागी उगवणारी सेरोपेजिया अंजनेरिका ही वनस्पती तिथल्या गवतात वाढते, आणि उन्हाळ्यात ते गवत एका ठिणगीची वाट बघत असतं. शेकोटी करायची तर परवानगी असलेल्या मळ्यात, उघड्या मातीवर, पाण्याची कळशी शेजारी ठेवून.

काटेसावरीची बोंडं फुटतात तीही नेमकी त्याच दिवसांत, चैत्र-वैशाखात, पेठ-सुरगाण्याच्या वाटेवर कापूस वाऱ्यावर तरंगत असतो तेव्हा. आजोबा तो तेव्हा वेचून ठेवायचे. नळी उघडायची ती पाऊस लागल्यावर.