गेम मास्टर

टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळांत प्रत्येक खेळाडू एकेक पात्र चालवतो. उरलेले सारे जग, म्हणजे गावकरी, राक्षस, सराईचा मालक, अवेळी येणारा पाऊस, हे सांभाळतो तो गेम मास्टर. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये त्याला डंजन मास्टर म्हणतात, ‘ट्रॅव्हलर’मध्ये रेफरी, ‘कॉल ऑफ क्थुलू’मध्ये कीपर. मराठीतला सूत्रधार हा शब्द त्याला जवळचा. पण नाटकाच्या सूत्रधाराला शेवट ठाऊक असतो, याला तो ठाऊक नसतो आणि नसावाही.

या भूमिकेचे मूळ १८२४ च्या सुमारास प्रशियन सैन्याने स्वीकारलेल्या ‘क्रीगश्पील’ या युद्धखेळातल्या पंचात आहे. आजचे रूप मात्र अमेरिकेतल्या मिनेसोटात घडले. १९६९ मध्ये डेव्हिड वेस्ली याने नेपोलियनकाळातल्या ‘ब्राउनश्टाइन’ या काल्पनिक गावाचा खेळ मांडला आणि सैन्याच्या तुकड्यांऐवजी खेळाडूंना एकेका माणसाची भूमिका दिली. खेळाडू आपापसांत कट रचू लागले, ठरवलेली लढाई बाजूलाच राहिली. डाव फसला असे वेस्लीला वाटले. खेळाडूंनी मात्र पुन्हा खेळायचा आग्रह धरला. त्यांच्यातल्याच डेव्ह आर्नेसनने पुढे ‘ब्लॅकमूर’ ही मोहीम, म्हणजे अनेक बैठकांत पुढे सरकणारा एकच खेळ, चालवली आणि गॅरी गायगॅक्ससोबत १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणले. पहिल्या बैठकीनंतर खचलेल्या प्रत्येक नवख्याला हा प्रसंग सांगायला हवा.

नवखा गेम मास्टर बहुधा चुकतो तो तयारी कमी पडल्याने नव्हे, नको ती तयारी केल्याने. तो खंडाचा नकाशा, राजवंश आणि शेवटची लढाईसुद्धा लिहून आणतो. पहिल्या मोहिमेला एक गाव, एक गुहा आणि तीन-चार खेळाडू पुरेत. कथानकापेक्षा परिस्थिती तयार ठेवावी: कोणाला काय हवे आहे, आणि पात्रे मध्ये पडली नाहीत तर काय होईल. रहस्य असेल तर त्याकडे नेणाऱ्या वाटा तीन तरी असाव्यात. पात्राला एखादी गोष्ट जमली की नाही, हे अनेकदा फाशावर ठरते, आणि वीस बाजूंच्या फाशावर १५ किंवा अधिक पडण्याची शक्यता ३० टक्केच असते. गुप्त दरवाजा सापडणे अशा एकाच फाशावर टांगले, तर दहापैकी सात वेळा गोष्ट तिथेच अडते. यश आणि अपयश दोन्हींतून काही घडणार असेल तेव्हाच फासा टाकायला सांगावे.

नियमावरून वाद झाला तर तिथल्या तिथे निवाडा द्यावा, पुस्तक नंतर उघडावे.

मोहिमेआधीच्या बोलण्याच्या बैठकीला ‘सेशन झीरो’ म्हणतात. खेळाचा सूर, बैठकीचा वार, कोणाला कोणते विषय नकोत, हे तिथे ठरते. काही गट टेबलावर ‘एक्स’ लिहिलेले कार्ड ठेवतात. कोणी त्याला हात लावला की चाललेला प्रसंग कारण न विचारता बदलतात. अनोळखी मंडळी एकत्र बसणार असतील तर ही सोय टाळू नये.

बैठक संपताना ‘पुढच्या वेळी कुठे जाणार?’ एवढे खेळाडूंना विचारून घ्यावे, आणि तेवढ्याचीच तयारी करावी.