प्रायव्हसी लॉक की किल्लीचे लॉक: खोलीच्या दारासाठी निवड करताना

एकत्र राहणाऱ्या कुटुंबात आपल्या खोलीच्या दाराला लॉक बसवायचे ठरले की बहुतेक जण गोल मुठीचे, मध्यभागी बटण असलेले लॉक घेऊन येतात आणि ते नेमके कोणत्या कामासाठी बनवले आहे, हे पाहायचे राहून जाते. जवळजवळ सारख्याच दिसणाऱ्या या लॉकचे दोन प्रकार आहेत. आपण खोलीत असताना कोणी अवचित दार उघडू नये, यासाठी प्रायव्हसी लॉक असते. आपण खोलीत नसताना कोणी आत जाऊ नये, यासाठी किल्लीचे लॉक असते. पहिल्याची गरज असताना दुसरे बसवले, की पुढे कुरबुरी सुरू होतात.

दोन्ही प्रकारांत आतल्या बाजूला दाबायचे किंवा फिरवायचे बटण असल्यामुळे आतून पाहून फरक कळत नाही. बाहेरची मूठ पाहावी. तिथे किल्ली जाईल अशी खाच असेल तर ते किल्लीचे लॉक. केवळ बारीक गोल भोक किंवा नाणे बसेल एवढी आडवी चीर असेल तर ते प्रायव्हसी लॉक.

त्या बारीक भोकाविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण ते पाहून अनेकांना लॉक कुचकामी वाटते. भोकात बारीक, सरळ सळई घालून आत रेटली की आतले बटण टक् आवाज करून बाहेर येते आणि दार उघडते. चीर असलेल्या प्रकारात तेच काम नाण्याने किंवा पेचकसाच्या चपट्या टोकाने होते. ज्याला मुद्दाम आत शिरायचे आहे, त्याला हे लॉक अडवणार नाही, हे खरेच आहे. परंतु लहान मुलाने खेळता खेळता आतून बटण दाबले, किंवा वयस्कर माणसाला आत चक्कर आली, तर दार न फोडता तिथवर पोहोचण्याची सोय याच भोकामुळे होते. घरातल्या माणसांपासून हवा असतो तो एकांत, आणि त्यासाठी दार लावलेले आहे एवढे बाहेरच्याला कळणे पुरेसे असते. सळई मात्र चौकटीच्या वरच्या कडेवर, मोठ्यांच्या हाताला लागेल अशी ठेवावी. लॉकच्या खोक्यातच राहिलेली सळई ऐन वेळी सापडत नाही.

किल्लीच्या लॉकचा खटकाही बहुधा वेगळा असतो. साध्या लॉकमध्ये दाराच्या कडेतून बाहेर येणारा एकच तिरका खटका असतो, आणि फटीतून पातळ, ताठ कार्ड सरकवले तर तो मागे ढकलला जाऊ शकतो. किल्लीच्या बऱ्याच लॉकमध्ये या खटक्याला लागून एक छोटी दांडी असते. दार बंद असताना ती दाबलेली राहिली की खटका बाहेरून रेटून मागे जात नाही. त्यासाठी ती दांडी चौकटीवरच्या धातूच्या पट्टीवर टेकलेली राहायला हवी. पट्टीतले भोक मोठे असेल, किंवा दार बसून थोडे खाली आले असेल, तर दांडीही खटक्याबरोबर भोकात जाते आणि महागडे लॉक साध्या लॉकइतकेच उरते. दार बंद करून खटका हलतो का, हे एकदा तपासण्याचे कष्ट फार थोडे जण घेतात.

या लॉकचे तोटे रोजच्या वापरात जाणवतात. किल्ली आत ठेवून, बटण दाबून दार ओढले की आपणच बाहेर अडकतो. दुसरी किल्ली कोणाकडे ठेवायची, यावरून घरात वाद होतात. आणि ती कोणाकडेच ठेवली नाही तर अडचणीच्या वेळी दार तोडावे लागते. माझ्या मते केवळ कागदपत्रे, दागिने किंवा औषधे सुरक्षित ठेवायची असतील तर कपाटाला चांगले कुलूप लावावे आणि खोलीला प्रायव्हसी लॉक ठेवावे. घरात भाडेकरू किंवा फारशी ओळख नसलेली माणसे राहत असतील, तर किल्लीचे लॉक योग्य ठरते. तरीही ते आतून किल्लीशिवाय उघडणारे असले पाहिजे. दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारे लॉक झोपायच्या खोलीला बसवू नये, कारण आग लागली तर धुरात किल्ली शोधण्यात मोलाचा वेळ जातो. बाहेरून कडी-कोयंडा ठोकणे त्याहून वाईट, कारण कोणीही आतल्या माणसाला कोंडू शकतो. आतली साधी कडी स्वस्त आणि भक्कम असते. मात्र ती बाहेरून काढता येत नाही, म्हणून मुले किंवा आजारी माणूस असलेल्या घरात तीही टाळलेली बरी.

चुकीचे लॉक आधीच बसले असेल तर दार पुन्हा कोरावे लागेलच असे नाही. गोल मुठीच्या दोन्ही प्रकारांना मुठीसाठी बहुतेक वेळा सारखेच, 54 मिलिमीटरचे भोक लागते. दाराच्या कडेपासून त्या भोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर 60 किंवा 70 मिलिमीटर असते. हे अंतर आणि दाराची जाडी मोजून त्याच मापाचे दुसरे लॉक आणले, की ते पेचकसाच्या साहाय्याने घरीच बदलता येते.